आत्या पुन्हा भांडली

आत्या, ज्या झाडाची खसखस तू जन्मभर अनरशांना लावलीस, त्याच झाडाचा चीक तुला वेळेवर मिळाला नाही. तुझ्या दुखण्याची सगळी हकिकत या एका वाक्यात मावते. बाकीचं लिहितोय ते तुझ्याशी बोलायची सवय अजून सुटत नाही म्हणून.

ताटलीत खसखस पसरायची, गोळी तिच्यावर ठेवून बोटांनी थापायची, आणि खसखशीची बाजू वर करून अनरसा तुपात सोडायचा. उलटायचा नाही. वरून झाऱ्याने तूप उडवत राहायचं. ही ताकीद दर दिवाळीला घरातल्या प्रत्येक सुनेला मिळायची, आणि कुणी अनरसा उलटलाच तर तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. ऐन तरुणपणी नवरा गेला, माहेरी परत आलीस, आणि भावाच्या घरात तू तुझी जागा केलीस ती या पट्ट्याच्या जोरावर. ग्रामसेवक तुला टाळायला मागच्या गल्लीने जायचा. बाजारात भाजीवाल्या तुला बघून आधीच भाव उतरवायच्या. अण्णा म्हणायचे, हिला वकील करायला हवी होती.

रोग नेमका तोंडातच झाला, उजव्या गालाच्या आत.

मिश्रीने झाला. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, खलबत्त्यात कुटायची, आणि पहाटे परसात उकिडवं बसून तर्जनीने हिरड्यांवर चोळायची. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे तुला तुझ्या आईने सांगितलं होतं आणि तिला तिच्या सासूने. आपल्याकडच्या कितीतरी बायकांची सकाळ अशीच सुरू होते. तोंडाच्या कॅन्सरचे जगातले एक तृतीयांशाहून जास्त रुग्ण एकट्या भारतात आहेत. पण हे मी तुला ऐकवणार नाही. मेलेल्या माणसाला व्यसनावरून बोल लावण्यात काय मर्दुमकी?

ऑपरेशन झालं, शेक झाला, आणि वर्षाच्या आत गाठ पुन्हा आली. मग आपल्याकडच्या लाखो घरांना ऐकावं लागतं ते वाक्य आम्हीही ऐकलं: आता घरी न्या, सेवा करा. सेवा म्हणजे काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

जबडा आखडला. तोंड बोटभरही उघडेना. नाकातून नळी घातली, तिच्यातून पेज, दूध, डाळीचं पाणी. गालाला बाहेरून भोक पडलं आणि जखमेला वास यायला लागला, तेव्हा तू स्वतःहून ओसरीच्या टोकाला खाट मागितलीस, कुणी काही म्हणायच्या आत. दुखणं गालात होतं तरी कळ कानात जायची. कानात तापलेली सळई घातल्यागत होतंय, असं तू दातांतल्या दातांत म्हणालीस ते शेवटचं सलग वाक्य. मग बोलणंच बंद. रात्री आम्हाला दिसायचं ते एवढंच: ओसरीपासून न्हाणीपर्यंत फेऱ्या, पदर जबड्याभोवती आवळून बांधलेला, गालाला पाण्याचा गार तांब्या. तांब्या कोमट झाला की पुन्हा रांजण.

एका सकाळी शेजाऱ्याची म्हैस आपल्या कडब्यात शिरली. अख्खी पेंढी उपसून खाल्ली तिने, तुझ्या खाटेपासून चार पावलांवर. तू बघितलंस आणि मान वळवलीस. त्या दिवशी वहिनी परसात जाऊन रडली. तोवर आम्ही तुझी जखम बघत होतो. तू गेलीस हे त्या दिवशी कळलं. माणूस मरायच्या कितीतरी आधी वेदना त्याला घेऊन जाते, मागे राहतं ते फक्त दुखणारं शरीर.

तालुक्याच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं दिली, मग ट्रॅमॅडॉल. दोन तास बरं वाटायचं, कधी तेवढंही नाही. मॉर्फिनचं विचारलं तर म्हणाले, ते इथे मिळत नाही, आणि एवढ्यात कशाला, सवय लागेल. जिच्या हातात काही महिने उरलेत तिला सवय लागण्याची भीती! केमिस्टने तर मान खाली घालूनच सांगितलं, तसल्या गोळ्या आम्ही ठेवत नाही, भानगड नको. गल्लीतल्या म्हाताऱ्या येऊन बसायच्या आणि उठताना म्हणायच्या, भोग आहेत, भोगूनच संपतात. डॉक्टर, दुकानदार आणि शेजारणी यांचं कशावर एकमत झालं असेल तर यावर.

आता त्या चिकाची गोष्ट.

माळव्यात, नीमच आणि मंदसौरकडे, आणि लागून असलेल्या राजस्थानातल्या प्रतापगड-चित्तोडगडकडे, थंडी सरता सरता अफूची शेतं पांढरी होतात. पाकळ्या गळतात, हिरवी बोंडं उरतात. दुपारनंतर शेतकरी प्रत्येक बोंडाला बारीक उभ्या चिरा देतो. रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तपकिरी होऊन थिजलेला असतो, तो खरवडून घ्यायचा. पुन्हा काही दिवसांनी त्याच बोंडाला दुसरी चीर. एकेका शेताला सरकारी परवाना, एकेका हेक्टरमागे किती माल द्यायचा त्याचा हिशेब, तोलताना केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचा माणूस हजर. बोंडं वाळली की आतून निघते ती तुझी खसखस. वर्तमानपत्रांत बातम्या येतात की तिथले पोपट चटावलेत, बोंडं कुरतडून पळवतात आणि शेतकरी हैराण आहेत. पोपटांना परवाना लागत नाही.

कायदेशीर अफूचा चीक काढून तो बाहेरही विकणारा देश जगात एकच, आपला. तो चीक जातो नीमचच्या आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत. तिथे त्यातलं मॉर्फिन वेगळं काढतात, आणि त्यातल्या बहुतेकाचं पुढे कोडीन होतं, खोकल्याच्या औषधांसाठी. म्हणजे कच्चा माल आपला, शेत आपलं, कारखाना सरकारी, गोळीची किंमत काही रुपये. आणि तू ओसरीवर फेऱ्या घालत होतीस.

तसं या पिकाचं आणि आपलं नातं जुनं आहे. तो मुलूख शिंदे-होळकरांचा. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू पेट्यांतून मुंबईला उतरायची आणि गलबतांतून चीनला जायची. त्या व्यापारात गब्बर झालेल्यांपैकी एक सर जमशेटजी जीजीभॉय. 1845 साली मुंबईत जे.जे. रुग्णालय उभं राहिलं त्याला त्यांनी देणगी दिली. चिनी घरं बुडवून आलेल्या पैशातून मुंबईच्या गोरगरिबांना औषध मिळालं. याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तू असतीस तर एका वाक्यात निकाल लावला असतास.

मग एकोणीसशे पंचाऐंशी साल आलं. अमली पदार्थांविरुद्धचा कायदा झाला, एनडीपीएस. हेतू वाईट नव्हता. गर्दुल्ल्यांनी आणि तस्करांनी शहरं पोखरली होती. पण कायद्याने तस्कराच्या पोत्यात आणि कॅन्सरच्या रुग्णाच्या गोळीत फारसा फरक ठेवला नाही. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, आणि सगळे एकाच वेळी चालू असले पाहिजेत. एक हातात यावा तोवर दुसऱ्याची मुदत संपलेली. चुकलं तर दहा वर्षांची सक्तमजुरी. रुग्णालयांनी नाद सोडला. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर 97 टक्क्यांनी घटला. टक्केवारीत लिहिलं की हे आकडेवारीसारखं दिसतं. प्रत्यक्षात त्या प्रत्येक टक्क्यात एकेक ओसरी आहे, तांब्या आहे, रांजण आहे. आणि त्या वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या पिढीने मॉर्फिनची गोळी हातातच धरली नाही. न वापरलेल्या औषधाची भीती वाटते. ती भीती त्यांनी पुढच्या पिढीला शिकवली.

2014 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली, पाच परवान्यांच्या जागी एक आला, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला साठा ठेवायची सोय झाली. या बदलामागे वर्षानुवर्षांची खटपट आहे आणि तिच्यातलं एक नाव घेतलंच पाहिजे, डॉ. एम. आर. राजगोपाल. 1993 साली कालिकतमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं, 2003 मध्ये पॅलियम इंडिया ही संस्था काढली. केरळात गावोगावचे स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायला लागले, आणि 2008 मध्ये त्या राज्याने यासाठी सरकारी धोरणच केलं. आपल्याकडे काहीच नव्हतं असं नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, 1986 साली वांद्र्याला सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत. पण वांद्रा आणि वारजे म्हणजे महाराष्ट्र नव्हे. कायदा दिल्लीत बदलतो. तालुक्याच्या केमिस्टच्या मानेपर्यंत तो पोचायला एक पिढी लागते. 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम 4 टक्के औषध रुग्णांपर्यंत पोचत होतं. ज्या देशात हे पीक उगवतं त्या देशात.

तुझ्यापर्यंत ते पोचलं एका नर्समुळे. अण्णांच्या ओळखीतून कुणीतरी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदनाशमनाच्या, एका पथकाचा पत्ता दिला आणि एका दुपारी डॉक्टर आणि सिस्टर जीपने आले. डॉक्टर कागद बघत होते. सिस्टर सरळ खाटेवर तुझ्या पायांशी बसली, वासाने तिचं नाक मुरडलं नाही, हे तू टिपलंस. शून्य ते दहामध्ये किती दुखतं, हे तिने विचारलंच नाही. म्हणाली, "आजी, रुपयातले किती आणे दुखतंय?" तू दोन्ही पंजे वर केलेस, मिटलेस, आणि पुन्हा सहा बोटं. सोळा आणे. इतक्या महिन्यांत तुला कुणी प्रमाण विचारलं नव्हतं, सगळे फक्त 'दुखतंय का' विचारायचे.

मग तिने आम्हाला शिकवलं. दहा मिलिग्रॅमची गोळी चमच्यात कुस्करायची, पाण्यात विरघळवून सिरिंजने नळीत सोडायची, वरून साधं पाणी. दर चार तासांनी. झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. गोळी दुखण्याच्या आधी पोचली पाहिजे. मध्येच कळ आली तर एक जास्तीची, आणि ती वहीत मांडायची. वहीवरून पुढची मात्रा ठरते. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, मळमळेल, घाबरायचं नाही. आणि रोज रात्री जुलाबाची गोळी. "ही चुकवलीत तर आजी मॉर्फिनला शिव्या घालतील," ती म्हणाली. जखमेसाठी मेट्रोनिडॅझॉलच्या गोळ्यांची पूड, ड्रेसिंगवर भुरभुरवायला. त्याने वास गेला. इतक्या साध्या गोष्टीने गेला की आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

गोळ्या कुलपात ठेवायच्या, रिकाम्या पट्ट्या जपायच्या, उरल्या तर परत द्यायच्या. दर खेपेला ती पट्ट्या मोजून घ्यायची. मला तो कारकुनी जाच वाटला नाही. अमेरिकेत हीच जातकुळी मोकाट सुटली तेव्हा काय झालं ते जगाने पाहिलंय: 1996 मध्ये बाजारात आलेली ऑक्सिकॉन्टिन, व्यसन फारसं लागत नाही हा कंपनीचा दावा, पाठदुखीला आणि गुडघेदुखीला वाटलेल्या गोळ्या, आणि मग लाखो मृत्यू. ती बनवणाऱ्या पर्ड्यू फार्माने न्यायालयात गुन्हा कबूल केला तो एकदा नव्हे, दोनदा. म्हणून भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिथे औषध नको त्यांच्या हातात गेलं म्हणून इथे हवं त्यांच्या हातात द्यायचं नाही, हा कुठला न्याय? एका देशाच्या नफेखोरीचं प्रायश्चित्त दुसऱ्या देशातल्या मिश्री लावणाऱ्या म्हातारीने घ्यायचं?

पहिल्या रात्री तू झोपलीस. आम्ही सगळे जागे राहिलो, सवयीने. पहाटे वहिनी दोनदा उठून छाती वरखाली होते का बघून आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुंगी उतरली. मात्रा थोडी वाढवली, कानातली सळई गेली, ठणका चार आण्यांवर आला.

पुढच्या खेपेला सिस्टर आली, वहिनीने तिच्यापुढे चहा ठेवला. तू खाटेवरून कपात बघितलंस. आणि आखडलेल्या जबड्यातून, शब्द चावत चावत, पण सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणालीस, "पाव्हणीला असला पानचट च्या देतात व्हय गं? दूध काय तुझ्या बानं आणलं हुतं?"

वहिनी हसायला लागली आणि थांबेचना. अण्णा आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मॉर्फिन माणसाला गुंगवून ठेवतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ती ओसरी पाहायला हवी होती. तुला गुंगवलं होतं वेदनेने. औषधाने जागी केली. पुढचे काही आठवडे तू पुरेपूर वसूल केलेस: शेजाऱ्याला बोलावून कडब्याच्या पेंढीचे पैसे मागितलेस, माझ्या लग्नात कुणी किती आहेर केला याची उजळणी केलीस, तुझ्या पाटल्या कुणाला द्यायच्या ते ठरवून दोन भाच्यांमध्ये भांडण लावून दिलंस. तुझा नातू, म्हणजे माझा मुलगा, तोवर तुझ्या खाटेजवळ फिरकत नव्हता. तो तुझ्या पायाशी बसून गृहपाठ करायला लागला. सगळं दुखणं गोळीने जात नाही. रात्री तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस, आणि ते कशाचं होतं ते विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स सांगत की शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि देवाशी असलेल्या हिशेबाचं दुखणं एकमेकांत मिसळलेलं असतं. खरं आहे. पण शरीराचं उतरल्याशिवाय बाकीच्यांकडे बघायला कुणाला सवड मिळते?

तू गेलीस तेव्हा घरात कुजबुज झालीच, मॉर्फिनने गेली म्हणून. नाही. तू कॅन्सरने गेलीस. बेताबेताने वाढवलेली, वहीत मांडलेली मात्रा माणसाचं आयुष्य तोडत नाही, हे त्या डॉक्टरांनी अण्णांना समोर बसवून सांगितलं, आणि अण्णांनी ते दहाव्याला नदीवर सगळ्यांना सांगितलं. तरीही पिंडाला कावळा शिवेपर्यंत जो तो एकच म्हणत होता: केवढं सोसलं बाईने, पण हूं की चूं केलं नाही. मान डोलावत होते सगळे. आपल्याकडे बाईने गप्प राहून हाल काढले की तिचं पुण्य वाढतं. मला त्या कौतुकाचा संताप आला आणि आजही येतो. तू गप्प राहिलीस ती सोशिक होतीस म्हणून नव्हे. तुझं तोंड उघडत नव्हतं. जन्मात तू कधी काही गप्प राहून सोसलं नव्हतंस, आणि जबडा मोकळा असता तर त्या तालुक्याच्या डॉक्टरांना, त्या केमिस्टला आणि दिल्लीतल्या कायदा करणाऱ्यांना तू काय काय म्हणाली असतीस ते मला शब्दशः ठाऊक आहे. छापता येणार नाही.

त्या काही आठवड्यांचं समाधान मानावं, असं मला लोक सांगतात. मी मानतो. पण त्याआधीचे महिने होते, त्यांचं काय? ते रोगाने घेतले नाहीत. औषध होतं, स्वस्त होतं, आपल्याच मातीतलं होतं. ते महिने आम्ही सगळ्यांनी मिळून, कागदांनी, भीतीने आणि भोग या शब्दाने तुझ्याकडून काढून घेतले, आणि त्याचा खटला कुठल्याही कोर्टात उभा राहणार नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी आज अशी खाट असेल, तर त्यांना एकच सांगायचं आहे. डॉक्टरांना सरळ विचारा: तोंडाने घ्यायचं मॉर्फिन देता येईल का? ते नाही म्हणाले तर कारण विचारा, आणि जवळचा पॅलिएटिव्ह केअर विभाग कुठे आहे ते विचारा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, ज्या कॅन्सर रुग्णालयात उपचार झाले तिथे फोन करा. अगदी शेवटी बघू, असं म्हणून थांबू नका. आजच विचारा.